शर्कराकंद : पाणी थोडे, पण वेळेचे



आपल्या रेडिओ कार्यक्रमात शर्कराकंदावर, म्हणजे साखरेच्या बीटवर बोललो आणि पत्रांचा ढीग आला. बहुतेकांचे म्हणणे एकच. उसाला पाणी पुरत नाही, खालच्या रानात मीठ फुटले आहे, मग हे बीट लावावे का? एका गृहस्थांनी तर लिहिले, "साहेब, दोन एकर ऊस मोडतो आणि बीट लावतो, तुम्ही फक्त हो म्हणा." हो म्हणायला माझे काय जाते? रान त्यांचे, पाणी त्यांचे, कर्जही त्यांचेच. म्हणून हो किंवा नाही म्हणण्याआधी सगळी माहिती या पत्रकात देत आहे. शेवटी त्या पत्राचेही उत्तर दिले आहे.

हे पीक आहे तरी काय?

शर्कराकंद हा आपल्या ताटातल्या लाल बीटचा भाऊ. आपला देशी पालकही त्याच जातकुळीतला. याचा कंद मात्र पांढरा, मुळ्याच्या बुंध्यासारखा जाड आणि खाली निमुळता असतो. बीटच्या कंदात उसासारखीच साखर आहे, हे जर्मनीतील मार्गग्राफ या शास्त्रज्ञाने 1747 साली दाखवून दिले. युरोपात थंडीच्या मुलखात हे पीक वाढले. पुढे उष्ण हवामानात तग धरणारे वाण निघाले आणि आपल्याकडेही त्याची चाचणी झाली. लखनौच्या ऊस संशोधन संस्थेने आणि पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने यावर काम केले आहे.

हे पीक मुळात दोन वर्षांचे. पहिल्या वर्षी कंदात साखर साठते. कडक थंडी मिळाली तर दुसऱ्या वर्षी फुले व बी येते. आपल्या हवेत तेवढी थंडी नसते, त्यामुळे शेतात बी धरत नाही. घरचे बी ठेवू म्हणाल तर ते जमणार नाही. दर हंगामाला बी विकत घ्यावे लागेल, हा खर्च आधीच हिशेबात धरा.

पाण्याचा खरा हिशेब

शर्कराकंदाला एका हंगामात साधारण 550 ते 750 मिलिमीटर पाणी लागते. उसाला 1500 ते 2500 मिलिमीटर लागते. हे आकडे रानाच्या भाषेत सांगतो. एक एकरावर 600 मिलिमीटर म्हणजे सुमारे 24 लाख लिटर. उसाचे 2000 मिलिमीटर धरले तर एकरी 80 लाख लिटरच्या वर. सहा सेंटिमीटरची एक पाळी धरली तर शर्कराकंदाला दहा-बारा पाळ्या आणि उसाला तीस-पस्तीस.

पण हिशेब दोन्ही बाजूंनी करावा. ऊस रानात बारा महिने किंवा त्याहून जास्त उभा असतो, तर शर्कराकंद पाच-सहा महिनेच. म्हणजे महिन्यामागे पाण्याची बचत वाटते तेवढी मोठी नाही. खरी बचत आहे ती अशी की ऐन उन्हाळ्यात, विहीर तळाला गेलेली असताना, हे पीक रानातून निघालेले असते. मात्र त्यासाठी पेरणी वेळेवर हवी. डिसेंबरात पेरले तर एप्रिल-मेमध्ये पाणी मागणारच. मग उसाला लागणारे पाणी आणि याला लागणारे पाणी यात फरक तो काय राहिला?

म्हणून पहिला नियम. आपल्या विहिरीला किंवा पाटाला मार्चअखेरपर्यंत खात्रीचे पाणी असेल तरच या पिकाचा विचार करावा.

खारवट रानाबद्दल

शर्कराकंद खारटपणा चांगला सोसतो, हे खरे आहे. मातीच्या अर्काची विद्युत वाहकता 7 डेसीसायमनपर्यंत गेली तरी याचे उत्पादन घटत नाही. उसाचे उत्पादन 1.7 च्या पुढे गेले की घटू लागते. मात्र येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली. हे आकडे संपृक्त मातीच्या अर्काचे आहेत. आपल्याकडच्या माती परीक्षणाच्या अहवालात नेहमी एक भाग माती व अडीच भाग पाणी या द्रावणाचा आकडा असतो. तो पुष्कळ लहान दिसतो. अहवालात 3 दिसले म्हणून निश्चिंत होऊ नये. आकडा कोणत्या पद्धतीचा आहे ते प्रयोगशाळेत विचारून घ्यावे.

दुसरी. वाढलेले झाड खार सोसते, उगवणारे नाही. उगवणीच्या वेळी वाहकता 3 च्या आत हवी. त्यापुढे उगवण तुटक होते आणि नांगे पडतात.

तिसरी. हे पीक रान सुधारत नाही. "बीट लावले की खार निघून जातो" असे कोणी सांगितले तर खरे मानू नका. खार काढायचा तर चर खणून निचरा करावा लागतो आणि चांगल्या पाण्याने तो धुऊन काढावा लागतो. चोपण रानाला जिप्समही लागते. पाणी साचते त्या रानात ऊस तरी काही दिवस तग धरेल, शर्कराकंद कुजेल.

पूर्वतयारी व पेरणी

मध्यम ते भारी पण निचऱ्याची, भुसभुशीत जमीन निवडावी. कंद जमिनीत सरळ खाली जायला हवा. तास कठीण असेल तर कंदाला फाटे फुटतात, त्यात माती अडकते आणि कारखान्यात वजनात कपात होते. म्हणून खोल नांगरट करावी आणि कुळवाच्या दोन-तीन पाळ्या देऊन ढेकळे फोडावीत. एकरी चार टन चांगले कुजलेले शेणखत घालावे. कच्चे शेणखत घालू नये.

मागचे पीक काय होते ते पाहावे. भुईमूग, हरभरा, मिरची किंवा टोमॅटोत मर झाली असेल त्या रानात शर्कराकंद लावू नये. कारण पुढे सांगितले आहे.

पेरणी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करावी. 50 सेंटिमीटर अंतरावर सऱ्या पाडाव्यात. दोन झाडांत 20 सेंटिमीटर अंतर ठेवून, 2 सेंटिमीटर खोलीवर एकेक बी टोकावे. त्याहून खोल टोकू नये. या अंतराने एकरी 40 हजार झाडे बसतात. उगवण कमी-जास्त होते म्हणून एकरी 45 ते 48 हजार बिया धराव्यात. बी शक्यतो गोळी केलेले, एकाच कोंबाचे घ्यावे. साध्या बियांच्या बोंडातून दोन-तीन कोंब येतात, त्यांची विरळणी करावी लागते आणि मजुरी वाढते.

झाडांच्या संख्येला किती महत्त्व आहे पाहा. 40 हजार कंद, प्रत्येकी सरासरी 700 ग्रॅम धरले तर एकरी 28 टन. नांगे पडून 25 हजारच राहिले, तर तेवढ्याच वजनाने साडेसतरा टन. खत, पाणी, मजुरी मात्र तेवढीच.

खारवट रानात बी वरंब्याच्या माथ्यावर टोकू नये. सरीतले पाणी वर चढते तेव्हा आपल्याबरोबर मीठ घेऊन जाते. पाणी उडून जाते आणि मीठ माथ्यावर बसते. पांढरी खरड दिसते ती तिथेच. म्हणून बी वरंब्याच्या बगलेला, ओलीच्या थोडे वर टोकावे. ही साधी गोष्ट पाळली तर उगवणीत मोठा फरक पडतो.

पाणी कसे द्यावे?

या पिकाचे सगळे यश पाण्यावर आहे. जास्त पाणी मिळाले म्हणजे यश येते असे मात्र नाही. पाण्याचे चार टप्पे लक्षात ठेवावेत.

1. उगवण. पेरल्याबरोबर हलके पाणी द्यावे. चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा हलके द्यावे. वरचा थर सुकून पापुद्रा धरता कामा नये. तुषार संच असेल तर तो याच वेळी वापरावा. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेस इंपीरियल खोरे आहे. तेथे वर्षाचा पाऊस जेमतेम 75 मिलिमीटर, म्हणजे आपल्या माणदेशालाही श्रीमंत म्हणावे असे वाळवंट. कोलोरॅडो नदीच्या कालव्यावर तेथे बीट पिकत असे. सप्टेंबरच्या उन्हात पेरत तेव्हा आधी तुषार सिंचनाने उगवण करून घेत. त्याने माती थंड राहते आणि मीठ बियाखाली धुतले जाते. झाडे रुजली की मग सरीने पाणी देत.

2. पहिले दोन महिने. दर आठ-दहा दिवसांनी, रान पाहून पाणी द्यावे. सरी अर्धी भरली तरी पुरे. पहिल्या दोन महिन्यांत तण मुळीच वाढू देऊ नये. दोन खुरपण्या कराव्यात आणि दुसऱ्या खुरपणीबरोबर मातीची हलकी भर लावावी. भर लावताना माती झाडाच्या पोग्यात जाऊ देऊ नये.

3. कंद भरण्याचा काळ. दहा ते पंधरा दिवसांनी, भारी रानात आणखी उशिरा पाणी द्यावे. सोटमूळ दीड मीटरपर्यंत खोल जाते आणि खालची ओल ओढते. त्याला ती ओढू द्यावी.

4. पाणी तोडणे. काढणीच्या दोन-तीन आठवडे आधी पाणी बंद करावे. कंदातले पाणी कमी होते आणि साखरेचे प्रमाण वाढते. शेवटपर्यंत पाणी दिले तर कंद फुगतो, काटा वजन दाखवतो, पण साखरेचा उतारा पडतो. जमीन फारच कठीण झाली तर काढणीपूर्वी एक अगदी हलके पाणी द्यावे.

माझी चूक सांगतो

नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका शेतकऱ्याच्या अर्ध्या एकरावर मी या पिकाचा प्रयोग घेतला. पीक जानेवारीपर्यंत असे की येणारा-जाणारा बांधावर थांबून पाही. मार्चमध्ये दुपारी पाने माना टाकू लागली. शेतकऱ्याने विचारले, "साहेब, पाणी देऊ का?" पाटाला पाणी होतेच. मी म्हणालो, "द्या." चार दिवसांनी पुन्हा पाने मलूल. पुन्हा पाणी दिले. आठवड्याभरात झाडे उपटून पाहिली तर कंद मऊ पडलेले, कंदावर कापसासारखे पांढरे धागे आणि त्यावर मोहरीएवढे तपकिरी दाणे. ती मूळकूज होती. त्या रानात आदल्या वर्षी भुईमूग होता आणि त्याच रोगाने मरही झाली होती. मी ते विचारलेच नव्हते. निम्मे रान गेले. शेतकरी मला एक शब्द बोलला नाही, चहासुद्धा पाजला. तो चहा अजून माझ्या घशाखाली उतरलेला नाही.

त्या दिवसापासून मी सगळ्यांना एकच सांगतो. दुपारी पाने मलूल दिसली म्हणून पाण्याला धावू नका. रुंद पानांचे हे पीक कडक उन्हात, मुळाशी ओल असतानाही, मान टाकते. दुसऱ्या दिवशी पहाटे रानात जा. पाने ताठ असतील तर पाणी नको. पहाटेसही मलूल असतील तर आधी एक झाड उपटून कंद पाहा. कंद टणक असेल आणि वीतभर खालची माती मुठीत दाबून गोळा होत नसेल, तरच पाणी द्या. पांढरे धागे दिसले तर पाणी थांबवा, रोगट झाडे मातीसकट काढून रानाबाहेर जाळा आणि त्या जागेचे पाणी पुढच्या सरीत जाऊ देऊ नका. तपकिरी दाणे मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. म्हणून त्याच रानात पुन्हा लगेच शर्कराकंद घेऊ नये. ज्वारी किंवा मक्यासारख्या तृणधान्याचा फेरपालट ठेवावा आणि पेरणीपूर्वी शेणखतातून ट्रायकोडर्मा द्यावी.

खते व इतर रोग-किडी

हेक्टरी साधारण 150 किलो नत्र, 75 किलो स्फुरद व 75 किलो पालाश, म्हणजे एकरी 60, 30 व 30 किलो द्यावे. एकरी हिशेबाने सुमारे 130 किलो युरिया, 190 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 50 किलो म्युरेट ऑफ पोटॅश होते. माती परीक्षणाप्रमाणे यात फेरबदल करावा. स्फुरद, पालाश व निम्मे नत्र पेरणीच्या वेळी द्यावे. उरलेले नत्र 25 व 50 दिवसांनी समान वाटून द्यावे. त्यानंतर युरियाला हात लावू नये. उशिरा दिलेल्या नत्राने पाला हिरवागार होतो, बघायला बरे वाटते, पण कंदातली साखर कमी होते आणि कारखान्यात रसातून साखर सुटणे अवघड जाते.

मधला कोवळा पोगा काळा पडून कुजू लागला तर ते बोरॉनच्या कमतरतेचे लक्षण असू शकते. चुनखडीच्या रानात हे जास्त दिसते. माती तपासूनच बोरॅक्स द्यावे. जास्त झाले तर तेही विषच.

पाने खाणारी अळी रात्री पाने चाळणीसारखी करते. पानाखाली अंडीपुंज दिसले की पान तोडून नष्ट करावे, कामगंध सापळे लावावेत आणि लहान अळ्यांवर 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा. पानांवर लालसर कडेचे गोल राखी ठिपके वाढू लागले तर पान घेऊन कृषी अधिकाऱ्यांकडे किंवा कृषी विज्ञान केंद्रात जावे आणि सल्ल्याने फवारणी करावी. दुकानदाराच्या शब्दावर फवारा उचलू नये.

काढणी आणि त्यापुढचे दोन दिवस

पाच ते सहा महिन्यांत खालची पाने पिवळी पडू लागतात. तेव्हा कंद तयार झाला असे समजावे. पाला कापून कंद उपटावेत, माती झाडावी. पाल्यात ऑक्झॅलिक आम्ल असते, म्हणून तो जनावरांना ताजा पोटभर घालू नये. एक दिवस सुकवून, कडब्यात मिसळून थोडा-थोडा घालावा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. उपटलेला कंद जिवंत असतो. तो श्वास घेतो आणि आपलीच साखर खातो. एप्रिलच्या उन्हात बांधावर पडलेला कंद रोज वजनाने आणि साखरेने घटतो. 48 तासांच्या आत तो कारखान्यात कापला गेला पाहिजे. तोवर ढीग सावलीत, पाल्याने झाकून ठेवावा.

"मग गूळ करू," असे कोणी म्हणेल. तेही जमत नाही. बीट चरकात पिळत नाहीत. त्याच्या चकत्या करून गरम पाण्यात साखर उतरवून घेतात आणि रस चुन्याने साफ करतात. साध्या गुऱ्हाळात केले तर उग्र वासाची, न खाण्याजोगी काकवी हाती येते. उसाच्या कारखान्यालाही बीट घ्यायचे तर कंद धुण्याची, कापण्याची व रस उतरवण्याची वेगळी यंत्रे बसवावी लागतात.

कारखाना नसेल तर काय होते?

राजस्थानात श्रीगंगानगरला कालव्याच्या पाण्यावर बीट पिकत असे आणि तेथील साखर कारखान्यात त्याचे गाळप होत असे. पुढे ते गाळप थांबले. ज्या इंपीरियल खोऱ्याचे कौतुक मी वर केले, तेथे बीटचे उत्पादन जगात सर्वात जास्त येत असे. पण ब्रॉली गावचा, कॅलिफोर्नियातला शेवटचा बीट कारखाना बंद करण्याचा निर्णय 2025 मध्ये जाहीर झाला. शेतकऱ्यांचे काही चुकले नव्हते. रान तेच, पाणी तेच, पीक उत्तम. घेणाराच उरला नाही. उलट इजिप्तमध्ये नाईलच्या मुखाजवळ, खारवट जमिनीच्या भागात, कारखाने आधी उभे राहिले आणि त्यांच्याभोवती बीट वाढले. आज त्या देशात उसापेक्षा बीटची साखर जास्त होते.

आपल्या महाराष्ट्रातही या पिकाच्या चाचण्या झाल्या आहेत. कंद रानात येतो, याबद्दल शंका नाही. प्रश्न आहे तो रानाबाहेरचा.

त्या पत्राचे उत्तर

दोन एकर ऊस मोडतो म्हणणाऱ्या दादांना माझे सांगणे असे. आधी ऊस मोडू नका. आधी कागद करा. कारखाना किंवा अल्कोहोलचा प्रकल्प तुमचा कंद घेणार असेल तर भाव, साखरेचा किमान उतारा, मातीची कपात, वाहतूक कोणाची आणि किती तासांत उचल, या पाच गोष्टी लेखी घ्या. तोंडी शब्दावर चाळीस हजार बिया टोकू नका. कागद झाला तर पहिल्या वर्षी दहा गुंठे लावा. त्यात पाणी तोडण्याचा अंदाज येईल, रानातली मूळकूज कळेल. दुसऱ्या वर्षी एकर करा.

कागद होत नसेल तर गुंठा-दोन गुंठेच लावा आणि कंद लागतील तसे उपटून, चिरून, जनावरांना थोड्या प्रमाणात घाला. पाणी वाचवायचेच असेल तर हरभरा, करडई, रब्बी ज्वारी आहेतच. त्यांना कारखान्याची वाट पाहावी लागत नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

1. कंद कोण घेणार हे लेखी ठरल्याशिवाय बी आणू नका.
2. मार्चअखेरपर्यंत पाणी असेल तरच पेरा. पेरणी मध्य ऑक्टोबर ते मध्य नोव्हेंबर.
3. निचरा नसलेल्या आणि मर झालेल्या रानात लावू नका.
4. खारवट रानात बी वरंब्याच्या बगलेला टोका.
5. दुपारची मान टाकलेली पाने पाहून पाणी देऊ नका, पहाटे रान पाहा.
6. पन्नास दिवसांनंतर युरिया नाही. काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी नाही.
7. उपटल्यापासून 48 तासांत कंद कारखान्यात.

हे पत्रक वाचून झाल्यावर शेजाऱ्याला द्या. ज्यांनी हे पीक घेतले असेल त्यांनी आपला अनुभव, फायद्याचा असो वा तोट्याचा, आम्हाला जरूर कळवावा. तोट्याचा अनुभव तर आधी कळवा. तो ऐकून दुसऱ्या कोणाचे रान वाचेल.

— विस्तार अधिकारी (कृषी), बी.एस्सी. (कृषी)